आत्याच्या वालांचा लेख

लेख छापून यावा, त्याखाली आपलं नाव असावं आणि वर त्याचे पैसेही मिळावेत, या तीन गोष्टी एका वेळी घडायला मला चार वर्षं लागली. घडल्या त्या ऐन जुलैत, आणि घडल्या म्हणून माझ्या आत्याची लावणी अडली. वाफ्यातलं रोप पिवळं पडायला लागलं, शेतात चिखल करून ठेवलेला, आणि त्यात उतरायला वरच्या आळीतली एक बाई तयार होईना. लेखनाचा समाजावर परिणाम होतो का, या विषयावर मी कॉलेजात मुलांना निबंध लिहायला लावायचे. होतो हो. चांगलाच होतो.

महाडच्या एका कॉलेजात मी तासिकेवर मराठी शिकवत होते. मग एका वर्षी मराठी घेणारी मुलं इतकी कमी झाली की विषय राहिला आणि माझे तास गेले. आता एमआयडीसीतल्या कुठल्या तरी ऑफिसात चिकटायचं, नाहीतर घरी बसून ऑनलाइन लिहायचं. फोन होता, भाषा होती, मी लिहायचं ठरवलं. वडील पंचायत समितीतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नेमणुकीच्या ऑर्डरचा. ऑर्डर नसते, व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, असं मी सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पेपर उघडला.

ग्रुपवर रोज जाहिराती पडायच्या. मराठी लेखक हवेत, घरबसल्या कमवा, अनुभवाची अट नाही. अट नाही म्हणजे काय ते पुढे कळलं. आधी एक नमुना लेख द्यायचा, फुकट. केसगळतीवर दहा घरगुती उपाय लिहा म्हणाले, तेव्हा माझीच वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली होती. तरी लिहिले. नमुना पसंत नाही असं त्यांनी कळवलं आणि पंधरा दिवसांनी तो जसाच्या तसा छापला. दुसऱ्यांनी मधुमेहावर मागवला, तिसऱ्यांनी वास्तुशास्त्रावर. नमुन्यांचं एक पुस्तक झालं असतं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणजे काय, हे मी वर्गात आठ वर्षं शिकवलं होतं, पण त्या वर्षी खरं शिकले.

पहिलं पैशाचं काम मिळालं ते राशिभविष्याचं. मी बौद्धवाडीत वाढलेली, माझ्या घरात पंचांग सुद्धा नाही. पण साइटवाल्यांना त्याचं काही नव्हतं, त्यांना रोज सकाळी बारा परिच्छेद हवे होते. सहा महिने मी बारा राशींना नांदवलं. माझी रास कोणती ते माहीत नव्हतं, म्हणून कन्या घेतली आणि तिला रोज धनलाभ दिला. झाला नाही. एकदा मीन राशीला मी प्रवास टाळा असं लिहिलं, तर आमच्या शेजारच्या काकूंनी पोलादपूरला साखरपुड्याला जायचं रद्द केलं. त्यांना मी काय तोंडानं सांगणार?

मग मशीन आलं. मशीन राशिभविष्य फुकटात लिहितं म्हणून माझं ते काम सुटलं, आणि लगेच दुसरं मिळालं, मशीननं लिहिलेलं माणसासारखं करून द्यायचं. दर तिसऱ्या ओळीत हृदयस्पर्शी हा शब्द असायचा, तो वेचून काढायचा. साफसफाईच म्हणा. आमच्या आजोबांच्या पिढीनं ती कामं सुटावीत म्हणून केवढा आटापिटा केला, गावाशी भांडले, पोरांना शाळेत घातलं. आणि नात एम.ए. होऊन परत झाडू घेऊन बसली, शब्दांच्या दारात. आणि या सगळ्याखाली नाव कुणाचं? 'टीम'. केस टीमचे, राशी टीमच्या. वडील मात्र प्रत्येक लिंक उघडून शेवटपर्यंत सरकवत न्यायचे आणि खाली माझं नाव शोधायचे. नाही सापडलं की फोन बाजूला ठेवून पेपर उघडायचे. त्याचाच जास्त राग यायचा.

म्हणून मी ठरवलं, बरी मासिकं गाठायची. ऑनलाइन, पण बरी. पैसे देणारी, नाव छापणारी. विषय पाठवायला लागले. कोकणातल्या आहात म्हटल्यावर पहिल्या संपादकांनी समुद्रावर लिहा म्हणून सांगितलं. महाडला समुद्र नाही, म्हटलं. सावित्री आहे, ती अधूनमधून घरात येते, तेवढं पाणी आम्हाला पुरतं. समुद्र बघायचा तर आम्हालाही एसटीच धरावी लागते. त्यांना पटलं नाही. नारळ तरी, मासळी तरी, असं करत ते घासाघीस करायला लागले, जसं काही मी समुद्र घरात लपवून ठेवलाय.

दुसऱ्यांची आणखी मजा. आडनाव आणि गाव वाचलं की त्यांना आमचं तळं आठवायचं. फेब्रुवारी संपता संपता फोन सुरू. तळ्यावर लिहा, वेदनेवर लिहा, आजीनं काय सोसलं ते लिहा, वीस मार्चला लावायचंय, अठरापर्यंत द्या. तळ्याचा मला अभिमान आहे, कुणाला नसेल? पण मी ऑगस्टमध्ये नाते गावातल्या एका शिंपीणबाईंवर लेख सुचवला तर उत्तर नाही. पोलादपूरच्या आंबोळीवाल्यावर सुचवला, उत्तर नाही. मार्च, एप्रिल आणि डिसेंबर सोडून बाकीचे नऊ महिने आम्ही काय झोपून काढतो की काय, कोण जाणे.

त्यातल्या एक बाई मात्र वेगळ्या निघाल्या. पुण्याच्या एका ऑनलाइन मासिकाच्या संपादक. फोनवर गोड, मला ताई म्हणायच्या. म्हणाल्या, खाण्यावरचा विशेषांक काढतोय, तुमच्या घरातलं काही लिहा, अगदी तुम्हाला हवं ते. पैसे चांगले, आणि नाव फोटोसकट. मी म्हटलं, आत्याचे वाल.

आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. पोलादपूरहून कापड्याच्या अंगाला एसटी जाते, तिकडच्या एका गावात दिलेली. गावाचं नाव घेत नाही, एकदा घेतलं तेवढं पुरे झालं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा विरारला. तिच्या वाडीतली बाकीची घरं मुंबईला गेली आणि दारांना कुलपं लागली, म्हणून ती एकटी. शेत थोडंच, पण सत्तरीला टेकलेली बाई एकटी लावणी करू शकत नाही, आणि मजूर आता मिळत नाहीत. त्यामुळे वरच्या आळीतल्या चार घरांशी तिचं ठरलेलं. आज तुझ्या शेतात सगळ्यांनी, उद्या तिच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, ज्याचं शेत त्यानं चहा आणि जेवण द्यायचं. आत्याचं शेत उतारावर, तिथं पाणी उशिरा ठरतं, म्हणून तिची पाळी सगळ्यांत शेवटी. चौघींच्या शेतात ती आधी वाकायची, मग त्या हिच्यात.

आणि हिच्या पाळीला जेवण म्हणजे बिरडं. भात कापला की त्याच शेतात ती कडवे वाल टाकते, थंडीतल्या दवावर येतात ते. राखेत घोळून वर्षभर ठेवते. लावणीच्या दोन दिवस आधी भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात एकेक दाणा सोलायचा. वरच्या आळीतल्या बाया त्या बिरड्यासाठी आत्याची पाळी येण्याची वाट बघायच्या. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या, ज्यांना आत्या वयनी म्हणते आणि मी वहिनी, त्या तर डबा घेऊनच यायच्या, घरी न्यायला. हे सगळं मी लिहिलं. डब्यासकट. लेखाचा शेवट मी त्या डब्यावरच केला होता. मनापासून लिहिला, चार वर्षांनी पहिल्यांदा कुणी न सांगितलेलं लिहिलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंनी लिंक पाठवली. मी उघडली. वर माझा फोटो, खाली माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. डोळ्यांत पाणीच आलं. लेख काय, तो मला पाठ होता, तो परत कशाला वाचायचा? वडिलांना दाखवला, त्यांनी नावावर बोट ठेवलं आणि आईला हाक मारली. मी तेवढ्यात लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली. आत्याकडे साधा फोन, म्हणून तिच्या वतीनं मला त्या ग्रुपात घेतलेलं. त्यात गाव तर आहेच, पण मुंबईचं मंडळही आहे, आणि आमच्याकडे गावात पान हललं तरी मंडळाची मीटिंग होते. खाली हात जोडल्याचं चित्रही टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तासाभरानं ठाण्याहून पहिला चिडलेला मेसेज आला. मग दादरहून, मग नालासोपाऱ्याहून. काय झालं ते कळेना, म्हणून मी स्वतःचा लेख वाचायला घेतला. शीर्षक माझं नव्हतं. 'बिरड्याला आसवांची चव' असं होतं. घ्या! आणि शेवटचा डबा नव्हता. डब्याच्या जागी एक ओळ होती, 'आजही तिला गावच्या विहिरीला हात लावता येत नाही.'

त्या विहिरीवर जाळी बसवून कितीतरी वर्षं झाली. आत बेडूक आहेत. घरोघरी नळ आहेत, आत्याच्या अंगणातही, आणि वरच्या आळीचा नळ बंद पडला की बाया हिच्याकडे हंडे लावतात.

संपादकबाईंना फोन केला. ओळ काढा म्हटलं. त्यांचं म्हणणं, लेख नुसता गोड झाला होता, वाचक थांबत नव्हता, आता बघा किती जण शेअर करतायत. मी म्हटलं, बाई, ते खोटं आहे.

"अहो ताई, पण कुठे ना कुठे तर खरं आहेच ना?" त्या म्हणाल्या.

खरं आहेच, कुठे ना कुठे. आणि मला त्या फसवत होत्या असंही नाही. आमच्याविषयी त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं, एवढं वाईट की आमचं बरं चाललंय हे त्यांना ऐकवेना. भीक नको पण कुत्रं आवर अशी माझी अवस्था. त्या 'कुठे ना कुठे'मध्ये जाऊन लिहा, माझ्या आत्याच्या अंगणात कशाला, असं मी बोलून बसले. चार दिवसांनी त्यांनी ओळ काढली. तोवर त्या ओळीचे फोटो काढून झाले होते, ते फिरायला लागले होते. पैसे मात्र त्याच आठवड्यात जमा झाले. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर.

तिकडे चारही घरांची लावणी झाली होती, चौघींच्या शेतात आत्या वाकून आली होती. आता हिची पाळी, आणि कुणी येईना. आज येतो, उद्या येतो, पाठ धरलीय, पाहुणे आलेत. वडिलांना फोनवर आत्यानं एवढंच सांगितलं की रोप पिवळं पडतंय. मी पोलादपूरची एसटी धरली.

आत्या पडवीत वाल सोलत बसली होती. माझ्याकडे बघितलं नाही. लेख तिला कुणीतरी वाचून दाखवला होता. ती ओळ माझी नाही, शहरातल्या बाईंनी घातली, असं मी सांगायला लागले, तर हातातला दाणा तिनं परातीत टाकला.

"माझी सासू त्या विहिरीपाशी कळशी घेऊन उभी राहायची. वरून कुणी ओतलं तर पाणी. मी पण राहिले, दोन वरसं," ती म्हणाली. "ही वयनी तेव्हा नवी नवरी. हिचीच सासू ओतायची. पुढं शेतात एकत्र यायला लागलो, तरी माझ्या हातचं पाणी प्यायला हिला बारा वरसं लागली. भांडून नाय, भाषण करून नाय. ती बारा वरसं मी काढली. तू नाय काढलीस."

मार्च महिन्यात तळ्यावर लिहायला नको म्हणून नाक मुरडणारी मी, आणि हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. वाल कसे सोलतात ते मात्र सगळं विचारून घेतलं होतं.

संध्याकाळी मी वरच्या आळीत गेले. वहिनींनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी बसायला दिलं, चहा दिला, घरातल्या रोजच्याच कपातून. त्यांचा मुलगा ठाण्यात कामाला आहे, त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी लेख वाचून त्याला विचारलं होतं की तुमच्या गावात अजून असं करता का. तो आईवर चिडला होता, आणि आईनं काय केलं होतं? दर वर्षी बिरड्याचा डबा आणला होता. मी परत तेच पुराण लावलं, ती ओळ मी लिहिली नाही, मला माहीत नव्हतं, मी काढायला लावली.

"नाव तुझं हाय ना गो?" त्या म्हणाल्या.

आहे, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चार वर्षं ज्याच्यासाठी नमुने लिहिले, ते माझंच होतं.

कप उचलून आत जाताना त्यांनी सांगितलं, की आत्यानं त्यांच्याकडे पाळी केलीय, ती बुडवायची नाही, परवा चौघी येतील. मी उड्या मारत खाली आले. सगळं निस्तरलं, असं मला वाटलं. आत्याला सांगितलं तर ती फक्त हूं म्हणाली, आणि आणखी दोन मुठी वाल भिजत घातले.

ठरल्या दिवशी त्या आल्या. प्लास्टिकच्या खोळी डोक्यावरून घेऊन चौघी बांधावरून उतरल्या आणि रांगेनं वाकल्या. मी रोपाच्या मुठी पोचवायला. एरवी लावणी म्हणजे तोंडाची नुसती चैन असते, सुनांच्या कागाळ्या, मालिका, कुणाचं कुठे जुळलं, हसून हसून बाया चिखलात बसतात. त्या दिवशी मूठ दे, सरक तिकडं, एवढंच. पण हात चालत होते, शेत हिरवं होत होतं. मला तेवढंच दिसत होतं.

दहाच्या सुमारास आत्या किटली आणि पाण्याची कळशी घेऊन बांधावर आली. बाया बाहेर आल्या, हात धुतले. आणि वहिनींनी बांधावर ठेवलेल्या पिशवीतून बाटली काढली. कोल्ड्रिंकची जुनी, कागद सोललेली. दुसरीनं काढली. मग तिसरीनं, चौथीनं. चार घरांतून चार बाटल्या भरून आणलेल्या.

आत्यानं तरी भांडं पुढं केलं.

"नको आक्का," वहिनी म्हणाल्या, आणि आवाजात राग असा नव्हताच. "पाण्याचं आता नकोच. बाहेर छापून येतं."

जेवायला त्या आपापल्या घरी गेल्या. परत आल्या आणि चारच्या आत शेवटचं खाचर लावून मोकळ्या झाल्या, एक रोप वाकडं नाही. येतो आक्का म्हणाल्या आणि वर चढून गेल्या. डबा कुणी आणलेला नव्हता.

आत्या बांधावर बसली. बिरड्याचं पातेलं झाकलेलंच होतं. मी काहीतरी बोलायला गेले, माफी वगैरे, तिनं हातानंच थांबवलं. सकाळचा गार झालेला चहा तिनं पाटात ओतला, किटली विसळली, कळशीतलं पाणीही ओतून दिलं.

"आता लिव," ती म्हणाली. "आता खरं हाय."